कावळा, फांदी आणि हार्ड डिस्क

देवळाली प्रवराला आमच्या घरी दिवाळीत नातू आपला जुना कन्सोल घेऊन आला होता. रात्री गेम मध्येच गोठला, त्याने वैतागून वायर ओढली, आणि सकाळी यंत्राला डिस्कच सापडेना. आम्ही तिथल्या तिथे निकाल दिला: गेमने डिस्क खाल्ली आणि पोराने हातभार लावला. पोरगं दिवसभर जेवलं नाही. उभा जन्म वर्गात कार्यकारणभाव शिकवलेल्या माणसाचा हा निकाल!

तीस वर्षांपूर्वी हा खटला उभाच राहिला नसता. टीव्हीला जोडायच्या गेमची तेव्हा ‘कॅसेट’ असायची. आतली चिप यंत्र बहुधा फक्त वाचायचं. वीज गेली की मारिओ गेला. वीज आली की पुन्हा पहिल्यापासून. भारनियमनाने आमच्या भागात मारिओला जितकं मारलं, तितकं शत्रूंनीही मारलं नसेल.

हार्ड डिस्क मूळची कचेरीतली. १९५६ साली आयबीएमने पहिली आणली. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या, आणि त्या सगळ्यांत मिळून मावायची जेमतेम ५० लाख अक्षरं. नोव्हेंबर २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ८ जीबीची डिस्क पोटात घेऊनच बाजारात आला. आता खेळाचं यंत्र डिस्कवर लिहू लागलं. जो लिहितो त्याचं वाक्य अर्धवट राहू शकतं.

आता नीट बघा. गेम कोसळणं म्हणजे प्रोग्रॅम थांबणं. तबकडीला त्याने ओरखडा पडत नाही. वीज तुटली तर? तबकडी फिरतच असते. त्या उरलेल्या फिरण्यातूनच थोडी वीज निर्माण होते आणि वाचणारं टोक सुरक्षित जागी नेलं जातं. आम्हाला हे कळलं तेव्हा अक्षरशः हात जोडावेसे वाटले. पण त्या क्षणी जे लिहिलं जात होतं, ते अपुरं राहतं. कोणती फाइल कुठे आहे याची वहीच बिघडली, तर डिस्क धडधाकट असूनही यंत्राला ती रिकामी किंवा परकी वाटते.

फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘अँथम’ नावाचा गेम आला, तेव्हा जगभर हीच ओरड झाली. खेळता खेळता प्लेस्टेशन ४ प्लग काढल्यासारखं बंद पडायचं. लोक म्हणाले, यंत्रच मेलं. मार्चमध्ये दुरुस्ती आली. पुन्हा सुरूच होत नाही असं एकही यंत्र सापडलं नाही, असं गेम बनवणाऱ्यांनी सांगितलं. त्यांचं म्हणणं जसंच्या तसं घ्यावं असं नाही, पण घाबरलेल्या माणसाचंही घेऊ नये. आपल्याकडे याला काकतालीय न्याय म्हणतात. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, की दोष कावळ्याला.

दुरुस्तीवाल्याने डिस्क काढून संगणकाला जोडली, तपासली, नव्याने फॉरमॅट केली. चालू झाली! त्या आठवड्यात घरची वीज तीनदा गेली होती, हे त्याने विचारल्यावर आम्हाला आठवलं. नातवाचा दोन वर्षांचा खेळ मात्र पुसला गेला. त्याची माफी आम्ही फोनवर मागितली, तो म्हणाला, “आजोबा, आधी यूपीएस घ्या.”