स्टिरिओ ध्वनिमुद्रणातील ‘पॅन लॉ’ : उगम, विकास आणि घरगुती ध्वनिमुद्रणावरील परिणाम

प्रस्तावना :

एका वाहिनीवर मुद्रित झालेला आवाज दोन स्पीकरच्या दरम्यान डावीकडे, मध्यभागी अथवा उजवीकडे ठेवण्याच्या क्रियेस ‘पॅनिंग’ असे म्हणतात. आवाज टोकाला असताना तो एकाच स्पीकरमधून येतो. मध्यभागी असताना दोन्हींतून येतो व त्यामुळे अधिक मोठा भासतो. ही वाढ भरून काढण्यासाठी मध्यभागी प्रत्येक वाहिनीची पातळी किती डेसिबेलने कमी करावी, याविषयीचा संकेत म्हणजे ‘पॅन लॉ’ होय. नावात ‘लॉ’ असला तरी तो निसर्गनियम नव्हे. ध्वनिमुद्रण कोठे व कशावर ऐकले जाणार, या प्रश्नाला त्या त्या काळाने दिलेले ते उत्तर आहे. घरगुती ध्वनिमुद्रणात हे उत्तर संगणक-प्रणालीबरोबर आयते येते आणि आवाजाच्या पातळीविषयीचे निर्णय नकळत त्यावर आधारले जातात.

उद्दिष्टे :

१. पॅन लॉ या संकेताच्या ऐतिहासिक जडणघडणीचा आढावा घेणे.
२. घरगुती ध्वनिमुद्रणातील मॉनिटरिंगच्या पातळीवर त्याचा होणारा परिणाम स्पष्ट करणे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

ब्रिटिश अभियंता अ‍ॅलन ब्लुमलाइन यांनी ईएमआय कंपनीत कार्यरत असताना डिसेंबर १९३१ मध्ये द्विवाहिनी ध्वनीविषयीच्या पेटंटसाठी अर्ज केला. ३९४३२५ क्रमांकाचे हे पेटंट १९३३ मध्ये मान्य झाले. दोन स्पीकरमधील आवाजाच्या फरकावरून श्रोत्यास दिशेचा बोध कसा करून देता येईल, याचे शास्त्रीय विवेचन त्यात आढळते.

या तत्त्वाचा भव्य प्रयोग अमेरिकेत चित्रपटगृहात झाला. वॉल्ट डिस्ने यांचा ‘फँटेशिया’ हा चित्रपट नोव्हेंबर १९४० मध्ये न्यूयॉर्क येथे ‘फँटासाउंड’ या तीन वाहिन्यांच्या पद्धतीने प्रदर्शित झाला. ध्वनी पडद्याच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरकताना एकूण पातळी कायम राहावी, यासाठी विल्यम गॅरिटी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जे नियंत्रण वापरले त्यास ‘पॅन पॉट’ हे नाव मिळाले. म्हणजेच पॅनिंग व पातळी यांचा संबंध आरंभापासूनच अभियंत्यांपुढे होता.

१९५८ पासून स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या आणि जून १९६१ मध्ये अमेरिकेत एफएम स्टिरिओ प्रसारण सुरू झाले. तथापि बहुसंख्य श्रोत्यांकडे एकाच स्पीकरचे संच होते. तेथे डावी व उजवी वाहिनी एकत्र मिसळत असे. परिणामी एकच कार्यक्रम दोन प्रकारच्या श्रोत्यांसाठी तयार करावा लागे, आणि येथूनच संकेतांमध्ये भिन्नता निर्माण झाली.

तीन प्रमुख संकेत :

पहिला संकेत ३ डेसिबेलचा. यात मध्यभागी प्रत्येक वाहिनी मूळच्या ०.७०७ पट होते. दोन्हींच्या शक्तीची बेरीज कायम राहते. सर्वसाधारण खोलीत भिंतींवरून परावर्तित होऊन मिसळणाऱ्या ध्वनीस हा संकेत अनुरूप ठरतो. मात्र दोन्ही वाहिन्या मोनोमध्ये एकत्र केल्यास मध्यभागीचा आवाज टोकाच्या आवाजापेक्षा ३ डेसिबेलने वर येतो.

दुसरा संकेत ६ डेसिबेलचा. यात प्रत्येक वाहिनी निम्मी होत असल्याने मोनोमध्ये तोल ढळत नाही. परंतु स्टिरिओ ऐकताना मध्यभाग दबल्यासारखा वाटतो. या दोहोंमधील तडजोड म्हणून ४.५ डेसिबेलचा संकेत रूढ झाला.

घरगुती ध्वनिमुद्रण व मॉनिटरिंग :

१९७९ मध्ये टॅस्कॅम कंपनीच्या ‘पोर्टास्टुडिओ १४४’ या चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्राने मिक्सर व ध्वनिमुद्रक एकाच पेटीत घरी आणले. तेथे पॅन लॉ यंत्राच्या मंडलातच ठरलेला असे. संगणकाच्या आगमनानंतर तो निवडीचा विषय झाला. ‘प्रो टूल्स’ या प्रणालीत पूर्वी २.५ डेसिबेल हा एकच पर्याय होता. २०१० च्या नवव्या आवृत्तीपासून २.५, ३, ४.५ व ६ असे पर्याय उपलब्ध झाले.

या निवडीचा परिणाम एका उदाहरणाने स्पष्ट होईल. एका गीतात गायकाचा आवाज मध्यभागी व दोन गिटार दोन टोकांना आहेत, असे समजू. प्रकल्पाचा संकेत ३ वरून ६ डेसिबेल केल्यास गिटार जागच्या जागी राहतात व गायन ३ डेसिबेलने खाली जाते. संकेत शून्य केल्यास ते ३ डेसिबेलने वर येते. मॉनिटरची कळ फिरवून हा फरक भरून निघत नाही, कारण तिच्यामुळे गिटारही तितकेच वर-खाली होतात. शिवाय मध्यभागाची बदललेली पातळी मिश्र वाहिनीवरील कॉम्प्रेसरकडे जाते व त्याचे कार्यही बदलते. प्रकल्प एका प्रणालीतून दुसरीकडे नेल्यावर ‘आवाज बिघडला’ असे वाटण्याचे एक कारण येथे सापडते.

हेडफोनचा प्रश्न आणखी वेगळा आहे. त्यात दोन वाहिन्या हवेत मिसळत नाहीत. त्यामुळे खोलीसाठी ठरलेला संकेत कानांशी तंतोतंत जुळेलच असे नाही. गायकाचा आवाज थेट मॉनिटरिंगऐवजी प्रणालीच्या मोनो ट्रॅकमधून ऐकवल्यास पॅन लॉनुसार तो कमी ऐकू येऊ शकतो आणि गायक अकारण जोर लावतो. स्टिरिओ ट्रॅकवर अनेक प्रणालींत मध्यभागी अशी कपात होत नाही, त्यामुळे गोंधळ वाढतो.

निष्कर्ष :

१. पॅन लॉ हा चित्रपटगृह, स्टुडिओ व रेडिओ यांच्या गरजांतून घडलेला ऐतिहासिक संकेत आहे.
२. कोणताही एक संकेत स्पीकर, हेडफोन व मोनो या तिन्हींना सारखाच न्याय देत नाही.
३. घरगुती ध्वनिमुद्रणात पातळी ठरवण्यापूर्वी संकेत निश्चित करणे, प्रकल्पासोबत त्याची नोंद ठेवणे आणि अंतिम मिश्रण मोनोमध्येही तपासणे आवश्यक ठरते.

मोबाइलच्या एका लहानशा स्पीकरवर संगीत ऐकणारा आजचा श्रोता १९६१ च्या मोनो श्रोत्यापेक्षा फारसा वेगळा नाही. म्हणूनच सहा दशकांपूर्वीचा हा प्रश्न आज घरोघरीच्या ध्वनिमुद्रकांपुढे नव्याने उभा राहिला आहे, असे म्हणता येईल.