दिव्याखालचे रोप

तुळस वृंदावनात आणि भांग गावाबाहेर, अशी आपली जुनी वाटणी आहे. वाईट संगतीत एखादा भला माणूस निघाला म्हणजे आपण ‘भांगेत तुळस’ म्हणतो, आणि चांगल्या घरात एखादा दिवटा निपजला की ‘तुळशीत भांग’ म्हणून हळहळतो. म्हणी काही हवेतून पडत नाहीत. ज्याने ही म्हण पहिल्याने उच्चारली त्याने दोन्ही झाडे डोळ्यांनी पाहिलेली असली पाहिजेत. आज तुळस घरोघर आहे. भांगेचे झाड मात्र सुशिक्षित मराठी माणसाला दाखवले तर ओळखू येईल की नाही याची शंका आहे. कित्येकांची तर ताग, अंबाडी आणि भांग यांत गल्लत होते. वास्तविक ही तिन्ही झाडे निरनिराळी. गांजा, भांग आणि चरस ही मात्र एकाच झाडाची तीन रूपे: मादी झाडाचा फुलोरा तो गांजा, पाने ती भांग, आणि अंगचा चिकट राळेसारखा रस तो चरस.

सणाच्या अंकात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की हे गावाबाहेरचे झाड आता घरात आले आहे. ठाण्याहून कल्याणकडे निघालेली गाडी दिवा मागे टाकते, मग कोपर येते आणि मग डोंबिवली. त्या डोंबिवलीत २०२१ साली केंद्र सरकारच्या अमली पदार्थ नियंत्रण खात्याने राहत्या घरात, मातीवाचून, पाण्यावर वाढवलेला गांजा पकडला. ज्या वस्तीत तुळशीची कुंडी ठेवायला सज्जा पुरत नाही, तिथे गांजाची शेती! जगभर याची आता एक ठरीव तऱ्हा झाली आहे. कापडाचा कपाटाएवढा तंबू, आतून चांदीसारखे चकचकीत अस्तर, वर दिवा, वास कोंडण्यासाठी कोळशाची गाळणी, आणि आत असे बियाणे की जे ऋतूची वाट न पाहता आपले आपणच फुलते. शेतातले झाड दिव्याखाली कसे आले, याचा इतिहास मोठा आहे आणि त्यात आपल्या मुलखाचा वाटा थोडा नाही.

अथर्ववेदात सोमाबरोबर ज्या वनस्पतींची नावे येतात त्यांत भंग आहे. पण डोळसपणे केलेले जुने वर्णन हवे असेल तर गोव्याला जावे लागते. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली हिंदुस्थानात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी त्याची ये-जा होती, आणि मुंबई बेट काही वर्षे त्याच्याकडे खंडाने होते. १५६३ साली गोव्यात छापलेल्या त्याच्या संवादरूप ग्रंथात भांगेवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. गुजरातचा सुलतान बहादूरशहा म्हणे पोर्तुगीज सरदाराला सांगत असे की, रात्री परदेशांची सफर करावीशी वाटली तर आपल्याला गलबत लागत नाही, थोडी भांग पुरते. ओर्ताने हे गंमतीने टिपले. पण कोण खातो, कशासाठी खातो, खाल्ल्यावर काय होते, हे विचारून घेतले. ही विचारण्याची सवय लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम आहे.

इंग्रजी अमलात गांजा हे सरकारी उत्पन्नाचे साधन झाले. बंगालात राजशाहीकडे नौगाव येथे त्याची मोठी लागवड असे. मुंबई इलाख्यात मुख्य ठाणे अहमदनगर जिल्हा, म्हणजे आजचा अहिल्यानगर. आणि मध्य प्रांतात खांडवा. नौगावची रीत पाहण्यासारखी होती. श्रावण-भाद्रपदात रोपे करावयाची, ती शेतात लावावयाची आणि पौष-माघात कापणी. मधल्या काळात सगळे पीक एका माणसाच्या डोळ्यांवर अवलंबून असे. त्याला परखदार म्हणत. झाड नर की मादी हे तो फूल पुरते उमलण्यापूर्वी ओळखी आणि नर झाडे उपटून टाकी. कारण परागाचा स्पर्श झाला की मादीत बी धरते आणि गांज्याचा कस जातो. नवख्या शेतकऱ्याची चूक तो सावरी, आणि त्याची मजुरी सारे शेत देई. शिवाय पीक शेतात उभे असे तेव्हा शेजारी पाहत, कारकून मोजणी करी, आणि माल सरकारी वखारीत जाई. धंदा नशेचा होता, परंतु तो दिवसाढवळ्या चाले. १९१७ साली तर नौगावच्या गांजा पिकवणाऱ्यांनी आपली सहकारी संस्थाही काढली.

१८९३ साली विलायतेच्या पार्लमेंटात प्रश्न निघाला की गांज्याने हिंदी प्रजा वेडी होत आहे, तर सरकार तो बंद का करीत नाही? त्यावर जुलै १८९३ मध्ये सात जणांचे एक चौकशी मंडळ नेमण्यात आले. अध्यक्ष मॅकवर्थ यंग. मुंबई इलाख्यातून पंचमहालचे कलेक्टर ओमनी. आणि तीन हिंदी सभासद: राजा शशिशेखरेश्वर राय, कंवर हरनाम सिंह व लाला निहालचंद. मंडळ हिंदुस्थानभर फिरले आणि त्याने १,१९३ साक्षी नोंदवल्या. डॉक्टर, वैद्य, मामलेदार, मिशनरी, शेतकरी, दुकानदार, सर्वांना विचारले. १८९४ साली त्यांचा अहवाल सात खंडांत निघाला.

या अहवालातील सर्वांत वाचनीय भाग वेड्यांच्या इस्पितळांचा आहे. आपल्याकडे कोणी ताळ सोडून बोलू लागला की ‘याला आता ठाण्याला पाठवा’ असे थट्टेने म्हणतात. ठाण्याचे ते इस्पितळ नौपाड्यात १९०१ साली, नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाने निघाले. म्हणजे अहवालाच्या वेळी ते नव्हते. पण इतर इस्पितळे होती आणि त्यांच्या वह्यांत ‘वेडाचे कारण’ असा एक रकाना होता. १८९२ साली दाखल झालेल्या १,३४४ रोग्यांपैकी २२२ जणांपुढे त्या रकान्यात गांजा-भांग लिहिलेली होती. मंडळाने एकेका रोग्याची हकीकत मुळापासून तपासली. तेव्हा असे दिसून आले की रस्त्यात सापडलेल्या वेड्याला घेऊन येणारा पोलीस रकाना रिकामा कसा ठेवावा म्हणून ‘गांजा’ सांगे, आणि इस्पितळाचा कारकून ते उतरवून घेई. रोगी कधी काळी चिलीम ओढीत होता एवढा आधार पुरे! नीट शहानिशा झाल्यावर २२२ चे ९८ राहिले, आणि त्यांतही ३७ जणांच्या बाबतीत दुसरी कारणे मिसळलेली होती.

यावरून मंडळाने गांज्याला निर्दोष ठरवले असे मात्र कोणी समजू नये. माफक सेवनाने सामान्यतः मोठी हानी होत नाही, अतिरेकाने शरीर व मन दोन्ही बिघडतात, आणि क्वचित वेडही लागते, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणून साफ बंदी न करता परवान्यावाचून लागवड होऊ देऊ नये, ती थोड्या ठिकाणी एकवटावी, दुकाने कमी करावीत, आणि जवळ बाळगण्यावर मर्यादा घालावी, अशी शिफारस त्यांनी केली. दोघा हिंदी सभासदांनी तर बहुमताविरुद्ध आपले मत स्वतंत्रपणे नोंदवले. परंतु निर्णय कडू असो वा गोड, तो विचारून घेतलेला होता.

आता झाडाकडे वळू. दिवाळी आली की रात्री वाढू लागतात हे आपल्याला पणत्या लावताना कळते. भांगेला ते त्याआधी कळते. मुंबईच्या अक्षांशावर उन्हाळ्यातला मोठ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा आणि हिवाळ्यातला लहानात लहान अकरा तासांचा. या दोन तासांच्या फरकावर झाड आपले पंचांग मांडते. रात्र पुरेशी लांबली की पाने वाढवण्याचे काम थांबवून ते फुलू लागते. परखदाराला हे अनुभवाने ठाऊक होते. शास्त्राला ते पॅरिसमध्ये समजले. झ्युलियें तुर्न्वा नावाचा तरुण संशोधक काचगृहात भांग आणि हॉप यांची रोपे वाढवीत होता. अवेळी पेरलेली रोपे लहानपणीच फुलतात हे त्याला दिसले, आणि १९१२ ते १९१४ च्या दरम्यान, याचे कारण दिवसाची लांबी आहे, या निष्कर्षाशी तो पोहोचला. त्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि तो रणांगणावर पडला. पुढे १९२० साली गार्नर आणि ॲलार्ड या अमेरिकनांनी तंबाखूवर प्रयोग करून हा नियम जगापुढे मांडला आणि श्रेय मुख्यतः त्यांच्या नावे लागले. छपराखाली वाढणाऱ्या भांगेची पहिली महत्त्वाची कहाणी अशी ज्ञानासाठी घडली, नशेसाठी नव्हे.

या नियमाला एक अपवाद निघाला. १९२४ साली यानिशेव्स्की या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने व्होल्गेच्या काठची एक रानटी भांग वर्णन केली. ती बुटकी, झुडपी, आणि नशेला अगदी हलकी. तिकडचा उन्हाळा आखूड. रात्र लांबण्याची वाट पाहत बसले तर बी धरण्यापूर्वीच हिमाने झाड मरेल. म्हणून ही जात आकाशाकडे पाहतच नाही. काही आठवड्यांचे वय झाले की फुलते. शास्त्रज्ञांना ते एक कुतूहल होते. त्याचा धंद्याला उपयोग होईल असे त्या वेळी कोणाला वाटले असेल असे दिसत नाही.

तो उपयोग कायद्याने घडवून आणला. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने गांजाला अफूच्या पंक्तीला बसवले. हिंदुस्थानने आपल्या रूढींकडे बोट दाखवून नुसती पाने, म्हणजे भांग, त्यातून वगळून घेतली, आणि गांज्याच्या बाबतीत करार अमलात आल्यापासून २५ वर्षांची मुदत मिळवली. ती संपत येताना १९८५ साली आपला कायदा झाला. त्यातील विसाव्या कलमाखाली परवान्यावाचून हे झाड लावणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. माल जवळ बाळगणाऱ्याची शिक्षा वजनाप्रमाणे कमी-जास्त होते. लागवडीच्या कलमात मात्र झाडे किती, याची पायरी नाही. एकर आणि कुंडी त्या वाक्यात एकाच मापाने मोजली जातात.

पाश्चात्त्य देशांतही असेच झाले. शेतात लावले तर वरून दिसते, म्हणून झाड तळघरात गेले. तिथे सूर्य नाही, म्हणून दिवा आला. रात्र पाडण्यासाठी घड्याळ लावून दिवा विझवावा लागे. ती कटकट चुकवण्यासाठी व्होल्गाकाठच्या त्या बुटक्या रानटी जातीचा संकर तेज जातींशी करण्यात आला. या शतकाच्या आरंभी असे बियाणे बाजारात आले. ते कपाटात मावते, अंधाराची वाट पाहत नाही आणि अडीच-तीन महिन्यांत आटोपते. रशियातल्या हिमाने दिलेला गुण पोलिसांच्या भीतीने कामाला लावला! पुढील पिढ्यांत ते बियाणे उत्तरोत्तर कडक होत गेले. गांज्याचे जुने मोजमाप त्याला लागू पडत नाही. वाढत्या वयाच्या मुलांना आणि ज्यांच्या घरात मनोविकाराचा वारसा आहे त्यांना तेज गांजापासून धोका अधिक, हे आजचे वैद्यक स्पष्ट सांगते.

तंबूतला नवखा माणूस आणि नौगावचा नवखा शेतकरी यांतला भेद इथे ध्यानात येतो. शेतकऱ्याला परखदार होता, शेजारी होता, ऋतू होता, आणि आवडो न आवडो, मोजणीचा कारकून होता. तंबूतल्या माणसाला यांपैकी कोणी नाही. बी कोठले, त्याचा कस किती, हे तो पुडीवरच्या शब्दांवर मानतो. रोप चुकले तर विचारायला जवळचे माणूस नाही, आणि तोच चुकला तर सांगायलाही नाही. दाराला कडी लावून तो एकटा बसतो. त्याच्या घरच्यांना वास येतो तो उशिरा. कधी पोलिसांच्या पावलांबरोबरच.

अशा मुलाला दहा वर्षांच्या छायेत उभे करून आपण काय मिळवतो, आणि मोकळे सोडून काय गमावू, याचा निर्णय एका निबंधात होणार नाही. १८९३ च्या परक्या सरकारलाही तो सोपा गेला नव्हता. पण त्या सरकारने निदान खेड्यापाड्यांतल्या माणसांना समोर बसवून विचारले, आणि इस्पितळाच्या रकान्यातले सोपे उत्तर खोडून काढण्याचे कष्ट घेतले. स्वतंत्र देशात, आपल्याच मुलांच्या बाबतीत, पुन्हा तसा रकाना भरून मोकळे होणे आपल्याला शोभणार नाही. घरात विचारावे, शाळेत विचारावे, डॉक्टरांनी विचारावे, आणि उत्तर ऐकून घेण्याइतका धीर धरावा. दिव्याखाली अंधार असतो हे आपल्या पूर्वजांनी सांगून ठेवले आहे. त्याला उपाय म्हणून दिवा विझवावा, असे मात्र त्यांनी कुठे म्हटलेले नाही.