खाल्लेलं अंगी का लागत नाही?

आमच्या लातूर-नांदेडकडे कॅन्सरच्या पेशंटबद्दल एक वाक्य हमखास ऐकू येतं, "खायचं सोडलं अन् गेला." मग घरातली बाई वर्षानुवर्षं स्वतःला दोष देते, अजून दोन घास भरवायला पाहिजे होते म्हणून. हा दोष कितपत खरा? त्यासाठी शंभर वर्षं मागे जाऊया.

१९२० च्या दशकात जर्मनीत ऑटो वारबुर्गने दाखवलं की ट्यूमरच्या पेशी ऑक्सिजन असतानाही साखर बरीचशी अर्धवटच वापरतात आणि लॅक्टिक ॲसिड बाहेर टाकतात. १९२५ मध्ये कार्ल आणि गर्टी कोरी या नवरा-बायकोने एका पंखावर ट्यूमर असलेल्या कोंबडीच्या दोन्ही पंखांतलं रक्त तपासलं. ट्यूमरकडून परतणाऱ्या रक्तात साखर कमी, लॅक्टिक ॲसिड जास्त! यकृत त्या ॲसिडची पुन्हा साखर बनवतं. आता हिशोब बघा: या मार्गाने ट्यूमरला एका ग्लुकोजमागे एटीपीचे (पेशीतलं चलनच म्हणा) २ रेणू मिळतात, तेच ग्लुकोज परत बनवायला यकृताचे ६ जातात. निव्वळ तोटा.

पण एवढ्याशा गाठीने धडधाकट माणूस खंगतो, याला हा हिशोब पुरत नाही. धागा मिळाला भलतीकडेच. अँथनी सेरामी परजीवींमुळे खंगणाऱ्या जनावरांचा अभ्यास करत होते. परजीवी मोजके, तरी जनावर वाळतं, ते का? १९८५ मध्ये त्यांनी आणि ब्रूस ब्यूटलर यांनी शरीर स्वतःच सोडत असलेलं एक प्रथिन ओळखलं, 'कॅकेक्टिन'. तेच टीएनएफ निघालं. पुढे असे आणखी बरेच संदेशवाहक सापडले. त्यांच्यामुळे भूक मरते आणि स्नायू वितळतात. साध्या उपासात शरीर चरबी जाळून स्नायू शक्य तितके जपतं, इथे तेही होत नाही. म्हणून नुसतं जास्त भरवून झीज भरून येत नाही.

मनोहर पर्रीकर आठवा. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये ही झीज फार दिसते. जानेवारी २०१९ मध्ये नाकात नळी असताना ते मांडवीवरच्या पुलाच्या उद्घाटनाला आले, तेव्हा ओळखू येत नव्हते. १७ मार्चला गेले. मुख्यमंत्र्याच्या घरी काय अन्न कमी होतं?

२०२४ मध्ये जीडीएफ-१५ हा असाच एक संदेश अडवणाऱ्या पोन्सेग्रोमॅब औषधाची १८७ पेशंटवरची चाचणी प्रसिद्ध झाली. १२ आठवड्यांत सर्वात मोठ्या डोसच्या गटाचं वजन प्लासिबोपेक्षा सुमारे २.८ किलोने जास्त भरलं. सुरुवात आहे, बघूया.

तोवर पेशंटला आवडेल ते, झेपेल तेवढं द्यावं, डॉक्टरांना विचारावं. पण माणूस गेल्यावर त्याचा हिशोब वाढणारीच्या ताटावर मांडू नये, एवढंच.