पाचामुखी परमेश्वर : गोतसभा ते ग्रामसभा

‘पाचामुखी परमेश्वर’ ही म्हण महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पाच जणांनी एकत्र बसून, विचार करून जे ठरवावे ते देवाचे बोलणे मानावे, असा तिचा अर्थ. देवळाचा सभामंडप आणि गावची चावडी ही अशा विचारविनिमयाची जुनी ठिकाणे होत.

शिवकालात व पेशवाईत वतनाचा, शिवेचा किंवा वाटणीचा तंटा निघाला की गोतसभा भरत असे. तीत पाटील, कुळकर्णी, चौगुला, मिरासदार व बलुतेदार बसत. परगण्याच्या सभेस देशमुख-देशपांडे असत. निकाल मान्य करण्याविषयी वादी-प्रतिवादींकडून आधी लेखी कबुली व जामीन घेतला जाई. मग साक्षीपुरावे होऊन निवाड्याचा महजर लिहिला जाई. त्यावर हजर असलेल्यांची नावे आणि निशाण्या पडत. पाटलाची निशाणी नांगर, तर इतरांची आपापल्या कामाचे हत्यार.

परंतु या व्यवस्थेचे गुणगान करताना तिची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सभेत मान होता तो वतनाला व जातीला. स्त्रियांना तेथे बैठक नव्हती. शिवेच्या वादात ज्या महाराची साक्ष महत्त्वाची मानली जाई, त्यालाच देवळाची पायरी चढण्याची बंदी होती. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून सानेगुरुजींना १९४७ साली प्राणांतिक उपोषण करावे लागले, हे विसरून चालणार नाही.

इंग्रजी अमलात कोर्टकचेऱ्या आल्या आणि गोतसभेचे तेज मावळले. पुढे १९२० साली मुंबई इलाख्यात ग्रामपंचायतीचा कायदा झाला. १९५८ च्या कायद्याने गावातील प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सभासद झाला. तेथे जात, वतन, स्त्री-पुरुष हा भेद उरला नाही. १९९३ साली अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला राज्यघटनेत स्थान दिले.

हक्क मिळाला; पण तो बजावला जातो काय? ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी कमी असेल तेवढी. तेवढीही माणसे जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. म्हणजे गाव घरी बसले तरी ठराव होतातच. ते मूठभरांचे होतात, इतकेच.

याउलट उदाहरण गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या लहानशा गावाचे. तेथे बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने निर्णय घेतात. अवघड विषय आधी अभ्यासगटात चर्चिला जातो. एकाचाही विरोध असेल तर त्याचे म्हणणे ऐकून पुन्हा बसतात. वनहक्क कायद्यान्वये २००९ साली या गावास सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ पासून ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली.

गोतसभेची शिस्त घ्यावी, तिचा भेदभाव टाकावा. जीर्णोद्धारासाठी गावाने व देणगीदारांनी जसा एकदिलाने हातभार लावला, तसाच ग्रामसभेलाही लावावा. नव्या सभामंडपात प्रत्येकास, माताभगिनींसही, बसण्यास व बोलण्यास जागा असावी. मगच पाचामुखी परमेश्वर खऱ्या अर्थाने बोलेल.