धानाचं म्युझियम आपल्या सिंदेवाहीत का नको?

कोल्हापूरला सहलीला गेलेली आपल्याकडची कुटुंबं कणेरी मठाचं ग्रामजीवन म्युझियम आवर्जून पाहतात. उघड्यावर वसवलेलं जुनं गाव, नांगर, मोट, बलुतेदार. पोरं विचारतात, आजोबा सांगतात. चांगलंच आहे.

पण आपल्या झाडीपट्टीची शेती उभी राहिली ती तलावांवर. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजानं तलाव बांधले. पुढे ते मालगुजारांकडे गेले, १९५० च्या कायद्यानं सरकारकडे आले. म्हणून आपण त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतो, माजी मालगुजारी.

याच धानपट्ट्यात, शेजारच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी, १९८३ मध्ये दादाजी खोब्रागडेंना ‘पटेल ३’ धानाच्या बांधीत तीन वेगळ्या लोंबी दिसल्या. ते बी त्यांनी वर्षानुवर्षं निवडून वाढवलं. तोच एचएमटी तांदूळ. नाव तेव्हाच्या गाजलेल्या घड्याळावरून. दादाजी ३ जून २०१८ ला गेले. तांदूळ देशभर पोचला, पण आपल्या किती पोरांना हे माहीत आहे?

सिंदेवाहीत धान संशोधन केंद्र आहे, जाणकार आहेत. एक-दोन बांध्या राखून जुनी वाणं लावा. पोरांना रोवणा करू द्या, पुंजणं अन् बैलांचा चुरणा दाखवा. सांगणारी म्हातारी माणसं आहेत तोवरच हे होईल. पुतळे नंतरही उभारता येतील.

तुम्हाला काय वाटते?