‘टोकोफेरॉल’ : एका नावाचा इतिहास व तज्जन्य भ्रम

नावाचा अर्थ आणि वस्तूचा गुण ह्यांची गल्लत भाषाभ्यासकास सुपरिचित आहे. कन्हानकाठच्या कामठीस १८२१ मध्ये इंग्रजांची छावणी वसली; त्यावरून हे ग्रामनाम ‘कँप’ ह्या शब्दापासून निघाले अशी लोकव्युत्पत्ती रूढ झाली. अशी व्युत्पत्ती निरुपद्रवी असते. औषधिद्रव्याच्या बाबतीत मात्र तीच गल्लत अपायकारक ठरू शकते. ‘ई’ जीवनसत्त्वाचा इतिहास ह्या दृष्टीने बोधप्रद आहे.

१९२२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठात हर्बर्ट इव्हान्स व कॅथरीन बिशप ह्यांना असे आढळले की, विशिष्ट आहारावर ठेवलेल्या उंदरांच्या माद्यांना गर्भ राहतो, पण टिकत नाही. १९३६ मध्ये गव्हांकुराच्या तेलातून गर्भरक्षक द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले. त्याचे नामकरण ग्रीकचे प्राध्यापक जॉर्ज कॅल्हून ह्यांनी सुचविले : ‘टोकोस’ म्हणजे अपत्यजन्म, ‘फेरेइन’ म्हणजे धारण करणे, आणि ‘ऑल’ हा अल्कोहोलवर्गाचा दर्शक प्रत्यय. हे नाव उंदरांवरील प्रयोगाचे वर्णन होते. मानवी आरोग्याविषयीचे आश्वासन नव्हे.

मराठी प्रतिशब्दाने भ्रमात भरच घातली. फंक ह्यांच्या १९१२ मधील मूळ संज्ञेत ‘जीवन’ व ‘अमाइन’ हे दोन घटक होते. आपण दुसऱ्याच्या जागी ‘सत्त्व’ योजिले. सत्त्व म्हणजे सार. ते अधिक घेतल्याने काय बिघडणार, अशी समजूत त्यातून सहजच होते. मात्रेची सूचना ह्या शब्दात नाही.

प्रत्यक्ष पुरावा निराळा आहे. हे द्रव्य मेदात विरघळणारे असून मोठ्या मात्रेत रक्त गोठण्याच्या क्रियेत व्यत्यय आणते. म्हणून वॉरफरिनसारखी औषधे घेणाऱ्यांस रक्तस्रावाचा धोका वाढतो. फिनलंडमधील २९,१३३ धूम्रपायी पुरुषांवरील प्रयोगात (१९९४) हे द्रव्य घेणाऱ्या गटात मेंदूतील रक्तस्रावाने झालेले मृत्यू अधिक आढळले. २००५ मध्ये १९ प्रयोगांच्या एकत्रित विश्लेषणात रोज ४०० एकक वा अधिक मात्रेचा संबंध किंचित वाढलेल्या मृत्युप्रमाणाशी दिसला. तथापि त्यांतील बहुतेक व्यक्ती आधीच व्याधिग्रस्त होत्या, हे विसरता कामा नये. ३५,५३३ पुरुषांवरील अमेरिकाप्रणीत प्रयोगात (२०११) केवळ ‘ई’ घेणाऱ्यांत पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग १७ टक्क्यांनी अधिक आढळला.

प्रौढास रोज सुमारे १५ मिलिग्रॅम पुरेसे मानले जाते. करडईचे तेल, शेंगदाणे, बदाम ह्यांतून ते मिळते व अन्नातील ह्या अंशाने अपाय झाल्याचे दिसत नाही. प्रश्न आहे तो वैद्यकीय सल्ल्यावाचून दीर्घकाळ घेतल्या जाणाऱ्या, शेकडो मिलिग्रॅमच्या गोळ्यांचा.

सारांश, कोणतीही संज्ञा तिच्या जन्मकाळचे ज्ञान जपून ठेवते, पुढील ज्ञान तिच्यात आपोआप शिरत नाही. परिभाषाकाराने शब्द घडवावा; पण वाचकाने मात्रा विचारल्यावाचून त्या शब्दावर विसंबू नये.