चाहत्यांचे खेळ आणि कादंबरीची तथाकथित हानी

आवडत्या अद्भुतकादंबरीचा ऑनलाइन खेळ झाला की कादंबरीचे वाटोळे होते, आणि तो खेळ चाहत्यांनीच बनवला असेल तर विचारायलाच नको, हे मत साहित्यप्रेमींत इतके मुरले आहे की त्याला कोणी पुरावाही मागत नाही. हे मत मला मान्य नाही. पण पूर्वपक्ष दुबळा करून मांडायचा आणि मग तो पाडायचा, यात पुरुषार्थ नाही. म्हणून आधी त्याची बळकट बाजू पाहू.

त्या पक्षाचा सर्वांत मोठा साक्षीदार म्हणजे खुद्द जे. आर. आर. टॉल्किन. 1939 साली स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठात त्यांनी परीकथांवर व्याख्यान दिले. पुढे ते विस्तारून निबंधरूपाने छापले गेले. अद्भुत हे शब्दांतच खरे फुलते आणि नाटकाचे त्याच्याशी मुळातच जमत नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे. कथेत कोणी टेकडी चढून खाली नदी पाहिली, तर प्रत्येक श्रोता आपण पाहिलेल्या टेकड्यांतून आणि नद्यांतून स्वतःचे दृश्य घडवतो. चित्रकार मात्र एकच टेकडी सर्वांपुढे ठेवतो. या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नाही, आणि मला ते शोधायचेही नाही. तो बरोबरच आहे.

प्रश्न एवढाच की तो लागू कोणाला होतो? चाहत्यांनी बनवलेले जे खेळ सर्वांत दीर्घकाळ टिकले, त्यांत चित्र मुळी नाहीच. ते शब्दखेळ आहेत. 1978 मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी ज्याचा पाया घातला, त्या 'मड' प्रकारातले. पडद्यावर जागेचे वर्णन येते, खेळाडू 'उत्तर' किंवा 'दार उघड' असे टंकतो, आणि पुढचे वर्णन येते. त्याच वेळी तिथे असलेली इतर माणसेही शब्दांतूनच भेटतात. स्वित्झर्लंडमध्ये लोझान येथील तंत्रविद्यापीठात 1991 मध्ये सुरू झालेला 'मूमे' हा टॉल्किनच्या मिडल-अर्थ या काल्पनिक जगावरचा खेळ असाच, आणि त्याच वर्षापासूनचा टेरी प्रॅचेट यांच्या कादंबऱ्यांवरचा 'डिस्कवर्ल्ड मड'ही असाच. इथे टेकडी अजून ज्याची त्याचीच आहे. टॉल्किनचा आक्षेप लागतो तो चित्रपटांना, आणि रीतसर हक्क घेऊन बनवलेल्या, कोट्यवधींच्या झगमगीत खेळांना. चाहत्यांच्या खेळावर तो फेकणारे निबंधाचा अर्धाच भाग वाचतात.

दुसरा आक्षेप अधिक प्रचलित आहे: खेळात जो तो नायक होतो, आणि 'द लॉर्ड ऑफ द रिंग्स'मध्ये मुद्रिका वाहून नेणाऱ्या फ्रोडोच्या यातनांची किंमतच उरत नाही. आता मूमेची रचना पाहा. तिचा काळ त्या कादंबरीतल्या मुद्रिकायुद्धाच्या आधीचा आहे. तिथे कोणालाही फ्रोडो होता येत नाही, मुद्रिका घेऊन निघता येत नाही. कथा लेखकाचीच राहते. खेळाडूला मिळते ते तिच्या अलीकडचे, लेखकाने मोकळे सोडलेले जग. तिथे अंतर खरोखर चालावे लागते, पाय थकतात, घोडा दमतो. कादंबरीत अर्ध्या परिच्छेदात ओलांडलेले रान इथे संध्याकाळभर सरत नाही. नायकत्वाची चैन करायची असेल, तर ही जागा फारच गैरसोयीची.

खेळ उभारणाऱ्याला किती बारकाईने वाचावे लागते, हे तर विरोधकांच्या ध्यानातच येत नाही. समीक्षकाला मिडल-अर्थमधल्या ब्री गावाबद्दल दोन वाक्ये लिहून पुढे जाता येते. ते गाव खेळात बांधणाऱ्याला वेस कोणत्या बाजूला, सरायीचे दार कुठे उघडते, पूर्वेचा रस्ता कोठून फुटतो, हे ठरवल्याशिवाय एक पाऊल पुढे टाकता येत नाही. लेखकाने जिथे सांगितले आहे तिथे ते शोधावे लागते, आणि जिथे सांगितले नाही तिथे त्याच्या वृत्तीशी विसंगत काही घुसणार नाही, ही जबाबदारी घ्यावी लागते. स्वतः टॉल्किन नकाशा आधी आखून कथा त्यात बसवत आणि चंद्राच्या कलांचाही मेळ घालत. अशा लेखकाला असा वाचक मिळणे हा अपमान कसा?

सगळेच चाहते एवढे काटेकोर नसतात, हे उघड आहे. ऑर्क मारा, गुण मिळवा, पुन्हा मारा, एवढ्यावरच थांबलेले खेळ भरपूर आहेत. पण वाईट अनुवादांवरून अनुवादकलेला दोषी ठरवायचे नसते.

राहिला चोरीचा आरोप. खेळ फुकट आहे म्हणून हक्कभंग होत नाही असे कायदा म्हणत नाही. तो बचाव मी करणार नाही. पण लेखकांचे वर्तन पाहा. अद्भुतकादंबरीकार जॉर्ज आर. आर. मार्टिन आपली पात्रे घेऊन लिहिलेल्या चाहत्यांच्या कथांना उघड विरोध करतात. 2010 मध्ये त्यांनी त्यावर सविस्तर लिहिले. त्याच मार्टिननी स्वीडनमधील एलिओ गार्सिया आणि लिंडा अँटनसन या दांपत्याला 'ब्लड ऑफ ड्रॅगन्स' या शब्दखेळाची परवानगी दिली. त्याचा काळ कादंबऱ्यांच्या जवळपास दीड शतक आधीचा आहे, त्यामुळे मार्टिनच्या पात्रांना हात लागत नाही. पुढे मार्टिन तपशील पडताळण्यासाठी याच जोडप्याकडे वळू लागले, आणि 2014 च्या 'द वर्ल्ड ऑफ आइस अँड फायर' या ग्रंथावर त्यांच्यासोबत या दोघांचीही नावे सहलेखक म्हणून आली. ज्याला चोर म्हणायचे, त्याच्याशी कोणी असे वागत नाही. प्रॅचेट यांनाही, कोणी त्यावर पैसे कमावत नसेल तर, चाहत्यांच्या असल्या उद्योगांचे वावडे नव्हते.

हक्कधारक कंपन्याच ग्रंथाची खरी राखण करतात, हेही नेहमी ऐकू येते. 'स्कायरिम' या खेळात मिडल-अर्थ उभे करू पाहणारा चाहत्यांचा एक प्रकल्प वॉर्नर ब्रदर्सच्या नोटिशीमुळे 2012 मध्ये थांबला. त्याआधी 2009 च्या जानेवारीत इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने 'द लॉर्ड ऑफ द रिंग्स: कॉन्क्वेस्ट' हा हक्क घेऊन बनवलेला खेळ बाजारात आणला होता. त्याचे ऑनलाइन सर्व्हर 2010 च्या मार्चमध्ये बंद झाले. त्या चौदा महिन्यांतही, पगार न घेणाऱ्या स्वयंसेवकांनी चालवलेल्या मूमेमध्ये लोक ब्रीच्या वेशीतून ये-जा करत होते.